मासा आहे, त्याला कुठं ठेवू?

बाबा, "जितना बड़ा आपका टैंक, उतनी ही बड़ी मछली," असं लखनऊच्या तेलीबागेतल्या त्या शोभेच्या माशांच्या दुकानदारानं तुम्हाला सांगितलं, तेव्हा मी लेकीला कडेवर घेऊन तुमच्या शेजारीच उभी होते. तुम्ही नुकतेच बँकेतून आला होतात, शर्टाच्या खिशाला पेन तसंच होतं. पाण्यानं भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बोटाच्या पेराएवढा एक काळपट मासा आतल्या बाजूला तोंड चिकटवून बसला होता. रंगीत मासे लेकीसाठी घेऊन झाले होते. हा काच साफ करायला. दुकानात त्याला सकर म्हणत. तुम्ही पिशवी उजेडाकडे धरलीत, त्याचं पोट बघितलंत, आणि लेकीला म्हणालात, "बघ, हा आपल्या घरचा भांडीवाला." ती हसली. नवऱ्याचं घर सोडून मी तिला घेऊन तुमच्याकडे आले, त्यानंतर ती हसल्याचं मला आठवतं ते पहिल्यांदा त्या दुकानात. तीन वर्षांची होती. घरात कुणी आलं की दाराकडे बघत राहायची आणि जेवायला नको म्हणायची. तुम्ही मला काही विचारलं नव्हतंत. आई जाऊन काही वर्षं झाली होती, तुम्ही एकटे राहायची सवय करून घेतली होती, आणि त्या सवयीत एक दिवस दोन सुटकेस आणि एक मूल येऊन बसलं. तुम्ही टाकी आणलीत.

दुकानदाराचं म्हणणं खोटं आहे हे कळायला फार दिवस लागले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भांडीवाला विताएवढा झाला. वळायला लागला की शेपूट काचेवर आपटायची, टाकीतली रोपं उपटून वर तरंगायची. पाणी दोन दिवसांत गढूळ व्हायचं, कारण काच साफ करणारा हा गृहस्थ जेवढं साफ करी त्याहून जास्त घाण करी. दुसरं कुणी असतं तर दुकानदाराशी भांडून आलं असतं. तुम्ही आयुष्यभर बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासत आलात. कागद कितीही चांगले असोत, आधी जागेवर जाऊन बघायचं, आणि आज काय आहे यापेक्षा पुढं काय होणार ते बघायचं, ही तुमची पद्धत. तुम्ही माशाच्या बाबतीतही तेच केलंत. शहरात ज्यांच्याकडे हा मासा आहे त्यांच्या घरी जाऊन बघून आलात. एका दातांच्या दवाखान्यातल्या छोट्या टाकीत तुम्हाला एक दिसला, बऱ्याच वर्षांचा, पण आखूड आणि पाठीत वाकलेला. घरी येऊन चहासुद्धा न घेता बसून राहिलात. मग म्हणालात, "टाकीएवढा राहत नाही गं तो. टाकीत मावेनासा होतो आणि मग आतल्या आत बिघडतो." दुकानदाराला मात्र तुम्ही दोष दिला नाहीत. "त्यानं सगळे लहानच विकले," म्हणालात. "मोठा झालेला त्यानं कधी बघितलाच नाही."

मग मागच्या व्हरांड्यात हौद बांधायचं ठरलं. समोरच्या बाजूला जाड काच, बाकी विटा आणि सिमेंट. मिस्त्रीनं मापं ऐकली, तुमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "अंकल जी, भैंस नहलाएँगे क्या इसमें?" तुम्ही गंभीरपणे त्याला मासा दाखवायला आत नेलंत. तो विताएवढा मासा बघून मिस्त्रीला हसू आवरेना. तुम्ही दोन्ही हात पसरून दाखवलंत की हा एवढा होणार आहे. तुमचं हिंदी तोवर इतकी वर्षं लखनऊत राहूनही सांगलीचंच होतं. "ये बड़ा होनेवाला है, इसका जगा अभी से करना पड़ता," असं तुम्ही म्हणालात, आणि मिस्त्री तेच वाक्य दिवसभर विटा रचताना घोळवत राहिला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते आणि मला वाटत होतं, निवृत्ती दीड-दोन वर्षांवर आली, सांगलीला काकांच्या शेजारचा फ्लॅट घेऊन ठेवलाय, आणि हा माणूस इथं हौद बांधतोय.  

रविवारी सकाळी तुम्ही त्या दुकानात जाऊन बसायला लागलात. सुरुवातीला दुकानदाराला ते अजिबात आवडलं नाही. गिऱ्हाईक एखाद्या पिल्लाकडे बोट दाखवायचं आणि तुम्ही कोपऱ्यातल्या स्टुलावरून ते केवढं होईल ते सांगायचात. छोटे चंदेरी मासे तिथं शार्क म्हणून विकत. ते घ्यायला आलेल्या एका बाईंना तुम्ही सांगितलंत की हा शार्क नाही, पंगास आहे, बाजारात मासेवाल्याच्या फळीवर हातभर लांब पडलेला असतो तोच. एकदा एक तरुण लाल शेपटीचा कॅटफिश न्यायला आला. फार देखणं पिल्लू, पांढरं पोट, लांब मिशा. तुम्ही त्याला उभं राहायला सांगितलंत, त्याच्या छातीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "बेटा, यहाँ तक आएगी. घर में स्विमिंग पूल है क्या?" तो मुलगा गुपचूप दोन गप्पी घेऊन गेला. दुकानदार कपाळावर हात मारून म्हणायचा, "लो, अंकल जी आ गए, अब हो चुकी बोहनी." पण एका रविवारी तुम्हाला ताप होता आणि तुम्ही गेला नाहीत, तर तो संध्याकाळी घरी आला. म्हणाला, एक साहब बड़ा वाला माँग रहे थे, मैंने कह दिया, पहले अंकल जी से मिलो. जाताना त्यानं हौदात वाकून बघितलं. तेव्हा भांडीवाला फूटभर झाला होता. अंगावर चित्त्यासारखे ठिपके, पाठीवर शिडासारखा पर, आणि कातडीच्या जागी हाडाच्या चकत्यांचं चिलखत. दुकानदारानं काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाला, "यह मेरे यहाँ से गया था?"

तुमची सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. तुम्ही ओट्याशी उभे आहात. बाहेर धुकं आहे, माकडटोपी कानावर ओढलेली आहे. एका बाजूला लेकीचा डबा आणि दुसऱ्या बाजूला दुधीच्या चकत्या गरम पाण्यात मऊ होतायत. त्या आईच्या डिनर सेटमधल्या काट्याला टोचून तुम्ही हौदात सोडता, म्हणजे काट्याच्या वजनानं त्या तळाशी जातात. एकादशीला तुमचा उपास, म्हणून रताळं उकडलेलं असतं, आणि त्या दिवशी त्यालाही रताळंच. लेक विचारते, "आजोबा, इसका भी व्रत है?" तुम्ही म्हणता, "एका घरात दोन स्वयंपाक होत नसतात." पाडव्याला तुम्ही आधी दाराच्या चौकटीला तिला उभं करून उंचीची खूण करता आणि मग हौदाच्या काचेशी उभे राहता. तो काचेला चिकटून स्थिर होईपर्यंत वाट बघता आणि बाहेरून एक टिकली त्याच्या नाकाशी, एक शेपटीशी लावता. टिकल्या आईच्या उरलेल्या पाकिटातल्या. थंडीत दिवे गेले की हीटर बंद पडायचा, मग हौदावर प्लायवूड, त्यावर रजई, आणि गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी. ती रजई तुमची होती. तुम्ही शाल घेऊन झोपायचात आणि विचारलं तर म्हणायचात, "तो गरम देशातला आहे. मी सांगलीचा असलो तरी मला सवय झालीय."

मला बी.एड.ला तुम्हीच घातलंत. फॉर्म आणून टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "तू शिक. पोरीकडं आणि माशाकडं मी बघतो." एवढंच. मी आज शाळेत शिकवते ते त्या एका वाक्याच्या जोरावर. पण तेव्हा मला त्या वाक्यात मासा का आला, हा प्रश्नही पडला नाही. आपल्या घरात सगळ्या वाक्यांत तो असायचाच.

मग तो काकांचा फोन. तुम्ही निवृत्त होऊन काही महिने झाले होते. बाहेरच्या खोलीत तुम्ही फोन कानापासून थोडा लांब धरून बोलत होतात, कारण काका मोठ्यानं बोलत. मी स्वयंपाकघरात कणीक भिजवत होते. काकांचं सगळं ऐकू येत होतं. फ्लॅट किती दिवस बंद ठेवणार, इथं चार आपली माणसं आहेत, तिथं तुझं कोण आहे. मग ते म्हणाले, "टाकलेल्या पोरीपायी तू तुझं म्हातारपण तिकडं काढणार का?" कणकेत माझे हात होते तसे राहिले. तुम्ही फोन दुसऱ्या कानाला लावलात. नंतर अगदी साध्या आवाजात, जणू हवापाण्याबद्दल बोलताय, म्हणालात, "तिचा काय संबंध? माझा मासा आहे इथं. हौदातला. त्याला कुठं ठेवू?" काका हसले असावेत किंवा चिडले असावेत, मला कळलं नाही. पुढं तुम्ही त्यांना मासा केवढा झालाय, काय खातो, रेल्वेनं का नेता येत नाही, हे सगळं सांगत बसलात. त्याच्या परांचे काटे पिशवी फाडतात, हेसुद्धा. त्यानंतर सांगलीकडून कुणीही विचारलं की कधी येताय, की तुमचं उत्तर ठरलेलं. सगळे नातेवाईक तुम्हाला माशाचं वेड लागलंय म्हणू लागले. माझं नाव त्यात पुन्हा कधी निघालं नाही.

त्या फोननंतर दोन दिवसांनी मी तुम्हाला म्हटलं, आपण मासा गोमतीत सोडून देऊ, इथं लोक पुण्य म्हणून सोडतातच, आणि तुम्ही जा सांगलीला. तुम्ही मला आयुष्यात फार वेळा रागावला नाहीत, म्हणून ते लक्षात आहे. हातातली बादली खाली ठेवलीत. "तो या नदीचा नाही," म्हणालात. "आणि वाढलं म्हणून नको झालं, असं माझ्या घरात कुणी म्हणायचं नाही." मी मान खाली घातली. पुढच्या रविवारी तुम्ही दुकानात गेला नाहीत, मला घेऊन शहराबाहेर बख्शी का तालाब या गावी गेलात. आपल्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी त्यांचे दोन मोठे सकर काही वर्षांपूर्वी तिथल्या आपल्या मेव्हण्याच्या मासेशेतीच्या तळ्यात दयेपोटी सोडले होते. आपण गेलो त्या दिवशी जाळं ओढत होते. वर आलं ते अर्धंअधिक त्याच काळ्या, खरखरीत माशांनी भरलेलं. परांचे काटे जाळ्यात अडकलेले, दोरे तुटलेले. रोहू थोडेसे. ते काळे मासे काठावर ढीग करून टाकले होते, कुणी घेत नव्हतं, आणि पाण्याबाहेर असूनही ते बराच वेळ हलत होते. मेव्हणे भले होते, हसून म्हणाले, "जीजा जी का पुण्य है, भाई साहब." तुम्ही त्या ढिगाजवळ उकिडवे बसलात. परत येताना बसमध्ये एवढंच बोललात की, यांचा काय दोष, यांना जिथं सोडलं तिथं ते जगले. मी खिडकीबाहेर बघत होते. तुम्ही माझ्याकडे न बघता माझ्या मांडीवरची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलीत.

तुम्ही गेलात ती थंडी फार कडक होती. इस्पितळात मी जवळ बसले की तुम्ही विचारायचात, आज पाणी बदललं का, हीटर चालू आहे का, त्यानं खाल्लं का. मी हो म्हणायचे. तुम्ही माझं जेवण झालं का, मी झोपले का, शाळेत रजा मिळाली का, यातलं काही विचारत नव्हतात. तेव्हा मला थोडं वाईट वाटलं होतं. आता मी तो प्रसंग आठवते तेव्हा तुमचे डोळे आठवतात. तुम्ही माशाचं विचारत होतात आणि माझ्या चेहऱ्याकडे, माझ्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघत होतात. त्यानं खाल्लं म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "मग ठीक आहे. म्हणजे घरात चूल पेटतेय."

त्याला आता खूप वर्षं झाली. मासा आहे. माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरतो. रंग जरा फिका झालाय, काचेवर चढायचा कंटाळा करतो, पण दुधीचा काटा पाण्यात पडला की तळाची वाळू उडवत येतो. शाळेतल्या मुलांना मी घरी आणून दाखवते, आणि बोटाच्या पेराएवढा होता म्हटलं की कुणाचाच विश्वास बसत नाही. दुकानदार म्हातारा झाला. दुकानात सकर आला की गिऱ्हाइकाला तो तुमच्या घराचा पत्ता देतो, आधी जाऊन बघून या म्हणतो. लोक येतात, व्हरांड्यात उभे राहतात, बरेचसे न घेता परत जातात. तुमचं काम चालू आहे, बाबा.

लेक पुण्यात नोकरीला लागली. तिचं मराठी अजून तसंच, सगळं समजतं आणि बोलते हिंदीत. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, मम्मी, अब आप इधर आ जाओ, वहाँ अकेले क्या करोगी. मी ओट्याशी उभी होते. विचार न करता माझ्या तोंडून गेलं, "मासा आहे ना गं. त्याला कुठं ठेवू?" म्हटलं आणि मीच थबकले. आवाज माझा होता आणि बाकी सगळं तुमचं, ते हवापाण्याबद्दल बोलल्यासारखं बोलणंसुद्धा. खरं तर माझ्या मनात मासा नव्हता. माझ्या मनात होतं की तिनं आत्ता कुठं स्वतःचं घर केलंय, संध्याकाळी मैत्रिणी येतात, उशिरापर्यंत हसतात, तिथं मी एका खोलीत जाऊन बसले की ती रोज माझ्यासाठी वेळेवर घरी येईल. मला ते नकोय. पण असं सांगितलं असतं तर ती हट्टानं न्यायला आली असती. म्हणून मासा.

तिनं तिकडं कागद-पेन शोधल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "ठीक है. टेप लेकर नापो, नाक से पूँछ तक, और मुझे बताओ." मला वाटलं, थट्टा करतेय. दोन आठवड्यांनी पुन्हा फोन आला. तिनं तळमजल्याचं घर बघितलं होतं, मागं अंगण असलेलं. घरमालकीणबाईंना माशाचा फोटो दाखवला होता. त्या आधी घाबरल्या आणि आता रोज विचारतात, कधी येणार. हौदाची मापं तिनं माशाच्या मापावरून काढली होती, पाणी गाळायच्या यंत्रासकट. पुण्यात थंडी कमी, रजई लागणार नाही, असंही म्हणाली. तेलीबागेतल्या दुकानदाराशी तिचं परस्पर बोलणं झालं होतं. त्यानं सांगितलं, पिशवीत नको, झाकणाच्या निळ्या ड्रममध्ये, हवेच्या पंपासकट, गाडीनं नेऊ. अंकल जी का माल है, मैं खुद साथ जाऊँगा. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "अब बताओ, मछली की दिक्कत तो नहीं है ना?"

बाबा, तुम्हाला कुणी असं कधी विचारलं नाही. काकांनी कधी म्हटलं नाही की आण तुझा मासा, मी इथं हौद बांधतो. म्हटलं असतं तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं, याचा मी गेले कित्येक दिवस विचार करतेय. पाणी बदलताना करते, वर्गात वह्या तपासताना करते. तुम्हाला मासा फार आवडायचा, यात मला शंका नाही. तुमच्यासारखं एखाद्या जिवाच्या पुढच्या वाढीसाठी आधी जागा करून ठेवणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. पण सांगलीचा फ्लॅट, तुमचे भाऊ, तिकडच्या गोड्या पाण्याची तुम्ही मरेपर्यंत काढलेली आठवण, हे सगळं तुम्ही एका माशावर ओवाळून टाकलंत, असं मला लोकांनी सांगितलं आणि मी ते मान्य करून टाकलं, कारण तसं मानणं मला सोपं होतं. मला कुणाचं देणं नसल्यासारखं जगता आलं. ते तुम्हीच मला दिलंत, हे मला आता कळतंय.

लेकीला मी अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही. खोटं वाटेल तुम्हाला, पण काल मी तिला म्हटलं की मासा म्हातारा झालाय, त्याला प्रवास झेपेल का ते बघू. ती "ठीक है, देख लो" म्हणाली. तिला समजतं, बाबा. मला त्या वयात समजलं नव्हतं तेवढं तिला समजतं. तिला खरं काय ते सांगायला हवं आणि मला ती भाषा येत नाही, कारण आपल्या घरात ती कुणी बोललंच नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागते. तुम्ही मान हलवाल, चष्मा पुसाल, आणि आज त्यानं खाल्लं का ते विचाराल, हे मला ठाऊक आहे. तरी मागते. एकदा, एकदाच, माशाला मध्ये न आणता मला सांगा, तुम्ही लखनऊत कुणासाठी थांबलात.